जावकबाईंचं एक पान

कचेरीत त्यांना सगळे जावकबाई म्हणत आणि घरी त्या जाऊबाई होत्या. एका अक्षराचा काय तो फरक, असं त्या स्वतःच हसून सांगत. एकोणीस शाळांचा कारभार पाहणाऱ्या शिक्षण मंडळात त्या बावीस वर्षं जावक टेबलावर बसत होत्या. शाळांकडून पालकांना जे कळवायचं असेल, मग ती बदललेली वेळ असो, नवा वर्ग असो की बंद होणारा, त्या पत्रकाच्या घड्या घालायच्या, पाकिटावर पत्ता चिकटवायचा, नोंदवहीत आकडा टाकायचा आणि टपालात सोडून द्यायचं. आत काय लिहिलंय ते वाचणं त्यांचं काम नव्हतं. लिहायचे अधीक्षक, आणि त्यांच्या लिखाणाला सगळी कचेरी वचकून होती.

एके दिवशी खिडकीशी एक गवंडी आला. हात पुसून त्यानं पाकीट पुढे केलं. त्याच्या मुलीला कमी ऐकू यायचं. अशा मुलांसाठी मंडळानं खास वर्ग काढलाय हे त्याला शेजाऱ्याकडून कळलं, म्हणून तो शाळेत गेला, तर नाव नोंदवायची मुदत आठ दिवसांपूर्वीच संपलेली.

तो भांडायला आला नव्हता. शांतपणे म्हणाला, "पत्र आलं होतं बाई. तिघांकडून वाचून घेतलं. मी काय करायचं, ते यात कुठे लिहिलंय तेवढं दाखवा."

जावकबाई वाचू लागल्या. 'उपरोक्त विषयास अनुसरून' पासून सुरुवात. पहिलं पान संपलं, दुसरं संपलं. मुदतीचा उल्लेख तिसऱ्या पानाच्या तळाशी सापडला, तोही 'परिशिष्ट क पाहावे' एवढाच. आणि परिशिष्ट क कधी छापायलाच गेलं नव्हतं. अशी नऊशे पाकिटं त्यांनी आपल्या हातानं बंद केली होती.

त्यांनी त्याला बसवून घेतलं आणि त्या वर्गाच्या शिक्षिकेला फोन लावला. ती नाही म्हणाली, तर तिच्या मुख्याध्यापिकेला लावला. चौथ्या फोनला कळलं की एका मुलाचं कुटुंब गाव सोडून गेलंय, एक जागा रिकामी आहे. गवंड्याच्या मुलीचं काम झालं. पण उरलेल्या पाकिटांचं काय झालं असेल, हा किडा बाईंच्या डोक्यातून जाईना.

त्या अधीक्षकांकडे गेल्या. पत्रकं जरा सोपी लिहावीत, असं त्यांनी आडवळणानं सुचवून पाहिलं. अधीक्षकांनी चष्मा कपाळावर सरकवला. पत्रक म्हणजे काय घरची चिठ्ठी आहे का, कार्यालयाच्या कागदाला वजन लागतं, असं त्यांनी ऐकवलं.

"वजन आहेच साहेब," बाई म्हणाल्या. "म्हणून तर पत्रक घरापर्यंत जातं आणि डोक्यापर्यंत चढत नाही."

अधीक्षकांनी चष्मा खाली घेतला. बोलणं संपलं, असा त्याचा अर्थ.

घरी धाकटी जाऊ शिवणकाम करायची. शाळा तिनं पाचवीत सोडलेली, पण जीभ कात्रीसारखी. त्या दिवसापासून जावकबाई जावक पत्रकाची एकेक जास्तीची प्रत घरी आणू लागल्या आणि मशीनशेजारी बसून तिला वाचून दाखवू लागल्या. दोन वाक्यांत जाऊ मशीन सुरू करायची. मग बाई तेच आपल्या शब्दांत लिहून पुन्हा वाचायच्या. जाऊचे प्रश्न ठरलेले: आमचं काय बदललं, कधीपासून, आम्ही करायचं काय, आणि अडलं तर विचारायचं कुणाला? ही चार उत्तरं मिळेपर्यंत तिचा पाय मशीनच्या पायपट्टीवरच असायचा. काही महिन्यांत बाईंची एक वही भरली. ती कुणाला दाखवायचं धाडस मात्र त्यांना झालं नाही.

मग ते मोठं प्रकरण आलं. दोन जुन्या शाळा बंद करून सगळी मुलं नव्या इमारतीत न्यायची ठरली. अकराशे चाळीस मुलं, नवी वेळ, नव्या बसगाड्या, शिवाय शाळा सुटल्यावर वाचनात मागे पडलेल्यांसाठी वेगळा वर्ग. अधीक्षकांनी सहा पानी पत्रक तयार केलं. त्याचीही एक प्रत जावकबाईंनी घरी नेली. मंडळाच्या प्रमुखबाई नव्यानंच आल्या होत्या. बैठकीत त्यांनी ते हातात धरून विचारलं, "हे वाचून मुलाला सोमवारी किती वाजता कुठे उभं करायचं, ते मला कुणी सांगेल?"

सगळे पानं चाळू लागले. जावकबाई सही घ्यायला फाइल घेऊन दाराशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी लिहून ठेवलंय, बाई. एकाच पानात."

एवढ्या जणांसमोर आपण हे बोललो, हे त्यांना बोलून झाल्यावर कळलं. प्रमुखबाईंनी ते पान मागवलं, उभ्याउभ्या वाचलं आणि एकच गोष्ट विचारली: हे कुणावर तपासून पाहिलंय का? बाईंनी खरं ते सांगितलं, "माझ्या जावेवर. तिला कळलं की सगळ्यांना कळतं."

बैठकीत हशा पिकला. प्रमुखबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पानाच्या कोपऱ्यावर सही केली आणि हेच जाऊ द्या म्हणाल्या. अधीक्षक खिडकीबाहेर पाहत राहिले.

पान घरोघरी गेलं. दवाखान्यात, न्हाव्याच्या दुकानात, किराणावाल्याच्या काउंटरवर चिकटलं. सगळं सुरळीत झालं असतं, पण शाळा उघडायला चार दिवस असताना जलवाहिनीसाठी रस्ता खणला गेला आणि दोन बसथांबे हलवावे लागले. तीनशे बारा घरांना पुन्हा कळवायचं होतं. टपालाला तेवढा वेळ नव्हता.

जावकबाईंनी याद्या काढल्या, प्रत्येक टेबलावर पंचवीस-तीस नावं ठेवली आणि फोनवर बोलायची चार वाक्यं कागदावर लिहून दिली. अधीक्षकांच्या टेबलावरही यादी ठेवली. त्यांनी ती पाहिली आणि फोन उचलला. 'थांब्यांच्या पुनर्स्थापनेबाबत' असं त्यांनी सुरू केलं, तर पलीकडून एका आजीचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू गेला, "बाबा रे, गोल गोल फिरू नकोस. पोरगी उभी कुठे करू, तेवढं सांग."

अधीक्षक थांबले. मग त्यांनी बाईंचा कागद जवळ ओढला आणि त्यातली चार वाक्यं जशीच्या तशी वाचली. आजींनी त्यांना आशीर्वाद दिला. त्या दिवशी त्यांनी आपली यादी संपवून दुसऱ्याची निम्मी घेतली. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सातच घरं उरली. त्या सात घरी जावकबाई स्वतः चालत गेल्या.

सोमवारी सकाळी साडेसातला त्या यादी घेऊन बंद झालेल्या जुन्या शाळेच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. चुकून कुणी आलंच तर रिक्षात घालून न्यायचं, म्हणून एक रिक्षाही थांबवून ठेवली. पावणेआठ झाले. रस्ता मोकळा. आठला दहा कमी असताना कोपऱ्यावरून एक आजोबा आणि गणवेशातली नात येताना दिसली. बाई धावतच पुढे गेल्या आणि शाळा बदलल्याचं सांगू लागल्या.

"ठाऊक आहे हो," आजोबा म्हणाले. "आमची बस आठ वाजून पाचला, पुढच्या थांब्यावर. पण हिला जुन्या शाळेला टाटा करायचा होता."

मुलीनं फाटकाला टाटा केला, बाईंनाही केला, आणि दोघं थांब्याकडे गेली. सव्वाआठपर्यंत दुसरं कुणीही आलं नाही. रिकाम्या रस्त्याकडे पाहताना बाईंचे डोळे भरून आले. रिक्षावाल्यानं काळजीनं विचारलं, कुणी आलं नाही का? "कुणीच नाही," त्या म्हणाल्या आणि हसत सुटल्या. बिचारा गोंधळून गेला.

त्याच रिक्षानं त्या नव्या शाळेत गेल्या. फाटकातच प्रमुखबाईंनी आकडा सांगितला: अकराशे एकतीस हजर, आणि उरलेल्या नऊ जणांच्या घरून आधीच निरोप आलेला. अधीक्षक पायऱ्यांवर उभे राहून पालकांना वर्ग दाखवत होते, आणि तेही छोट्या छोट्या वाक्यांत. बाईंना पाहून ते दोन पायऱ्या उतरून आले. "पुढचं पत्रक तुम्ही लिहा," ते म्हणाले. "मी शुद्धलेखन पाहतो."

बाई मान डोलावून आत गेल्या. लांब व्हरांडाभर मुलांचा नुसता कल्ला होता. पालकांपैकी कुणी पान घडी करून मुठीत धरलेलं, कुणी पर्समध्ये खोचलेलं. जावकबाई मध्येच उभ्या राहून सगळीकडे पाहत होत्या, तेव्हा कडेवर बाळ असलेली एक तरुण आई थांबली.

"नवीन आहात का मावशी? गोंधळू नका," असं म्हणून तिनं आपल्याकडचं पान त्यांच्या हातात दिलं. "हे ठेवा. यात सगळं नीट लिहिलंय."

जावकबाईंनी ते पान दोन्ही हातांत धरलं, वरपासून खालपर्यंत अगदी सावकाश वाचलं आणि तिला म्हणाल्या, "खरंच की. सगळं कळलं."