दोन हजार आठ सालात गेलेला फोटो

कार्ल्याचे दस्तगीरभाई तुंगार्लीच्या बंगल्यांमधल्या गाद्या भरून देतात. पावसाळ्यात त्यांची बायको लैला दवाखान्यात गेली ती स्वतःच्या पायांनी. घरी आणली ती गाडीतून, झाकून. माणसं जमली, रडली. दस्तगीरभाई सगळ्यांना चहा विचारत फिरले. आठवड्यानं कामावर गेले. कापूस पिंजायचा, गादी शिवायची, घरी येऊन ताटात पडेल ते खायचं. कुणी काही विचारलं तर "व्हय" किंवा "न्हाई".

त्यांची मुलगी अम्मारा पुण्यात कॉम्प्युटर शिकते. दिवाळीच्या सुट्टीत तिनं घरच्यांचे आणि जुनेदमामाचे फोन घेऊन आईचे सगळे फोटो लॅपटॉपवर ओढले. पण कॉपी करताना प्रत्येक फोटोवर त्याच दिवसाची तारीख बसली. ईद, लग्नं, दवाखाना, सगळं एका दुपारीच घडल्यासारखं. खरी तारीख उरली होती ती फक्त फाइलच्या नावात. हजारो फोटो हातानं कोण लावणार? तिनं छोटा प्रोग्रॅम लिहिला. नावातले आकडे वाचायचे, त्यात तारीख सापडली की फोटो त्या सालात टाकायचा.

"अब्बा, बघा तरी."

दस्तगीरभाई शेजारी येऊन बसले. दोन हजार आठ साल उघडलं. मामानं जुन्या अल्बममधून उतरवून, नावात साल-तारीख घालून ठेवलेले फोटो. भाताच्या खाचरात पदर खोचलेली लैला, कडेवर चार वर्षांची अम्मारा. पुढचा फोटो आला आणि अम्माराचा हात थांबला. दवाखान्यातली खाट. नळ्या. तीच लैला.

"हा इथं कसा आला?" तिनं फाइलचं नाव पाहिलं. मामाच्या फोननं नावाला नुसता लांबलचक आकडा दिला होता. त्या आकड्याच्या पोटात दोन हजार आठमधली एक तारीख निघत होती, प्रोग्रॅमनं तीच उचलली होती.

"राहू देऊ का तिथंच?" तिनं हळूच विचारलं. "निदान शेवटी तरी हा दिसणार नाही."

"न्हाई," दस्तगीरभाई म्हणाले. "त्या साली ती ठणठणीत व्हती. तितं नको ठेवूस."

तिनं फोटो उचलून शेवटी नेला. दस्तगीरभाई पुढं वाकले, बराच वेळ बघत राहिले.

"हिचा हात एवढा सुजला व्हता?"

"हो अब्बा. तुम्हीच धरून बसला होतात."

"मला दिसलाच न्हाई."

ते उठले आणि भिंतीकडं तोंड करून आडवे झाले.

सकाळी बंगल्यावरून फोन आला, गाद्या आज मिळतील ना?

"आज न्हाई जमायचं," दस्तगीरभाई म्हणाले. त्यांचा आवाज फाटला. "घरात मयत झालीय."