नवरीचं पिंप

क्लोविस पेरोदोला वाइनबद्दल बोलायला तीनच शब्द लागायचे. पेला नाकाशी नेला, घोट तोंडात घोळवला, की तो म्हणायचा, "जागी आहे," नाहीतर "झोपलीय," नाहीतर "गेली". बास. नांत शहरातून आलेली गिऱ्हाइकं त्याच पेल्यात लिंबू, ओला दगड, समुद्राचा वारा असलं काय काय हुडकत बसायची. हा ऐकून घ्यायचा, मान हलवायचा आणि बाटल्या खोक्यात भरायला लागायचा.

सेव्र नदीकाठची ती म्युस्कादे म्हणजे पांढरी, हलकी वाइन. नावालाही गोड नाही. परक्या माणसाला पहिल्या घोटात वाटतं, यात आहे काय? पण कालवं खाता खाता प्यावी आणि मग बोलावं. तिची सगळी मेख असते साक्यात. आंबून झालं की पिंपाच्या तळाशी जो मलईसारखा गाळ बसतो, त्याला तिकडे कुणी हात लावत नाही. हिवाळाभर वाइन आपल्याच साक्यावर बसून राहते, म्हणून ताजी राहते, आणि जिभेवर बारीक मुंग्या आणते. ही रीत कुणा शहाण्याने काढलेली नाही. घरात लग्न ठरलं की बापाने सगळ्यात चांगलं एक पिंप बाजूला ठेवायचं, लग्नापर्यंत त्याला ढवळायचं नाही, गाळायचं नाही. पुढे लोकांच्या ध्यानात आलं की लग्नातली वाइन बाकीच्यापेक्षा सरस लागते. तेव्हापासून लोक सगळीच वाइन तशी करायला लागले. पेरोदोंच्या घरात मात्र जुनं नाव टिकलं होतं: नवरीचं पिंप. आणि त्याचं बूच काढायचं ते नवरीनेच.

क्लोविसची एकुलती एक मुलगी सिदोनी. तिचं लग्न लियाँच्या एका पोराशी ठरलं तेव्हा क्लोविसने टेकडावरच्या जुन्या वेलींची वाइन निवडली, पिंप भरलं आणि कोठारात आतल्या भिंतीला लावलं. वसंतात ते पोरगं जेवायला आलं. दिसायला बरं, बोलायला गोड. क्लोविसने स्वतः बाटली उघडून पेला भरून दिला. पोराने एक घोट घेतला, ओठ मुडपले आणि लेओनला, म्हणजे सिदोनीच्या आईला, अगदी अदबीने विचारलं, की यात घालायला काळ्या बेरीचं सरबत मिळेल का?

क्लोविस उठला तो मळ्यात निघून गेला. अंधार पडेपर्यंत आलाच नाही.

त्यानंतर महिनाभरात लग्न मोडलं. का मोडलं हे सिदोनीने कुणाला सांगितलं नाही, म्हणून वाडीने आपल्या मनाने ठरवून टाकलं, की सरबतावरून मोडलं. जाताना ती बापाला एवढंच म्हणाली, "तुला तुझ्या पाहुण्यांपेक्षा तुझी बाटली मोठी." मग ती नांतला एका जहाज कंपनीत लागली आणि नाताळापुरती यायला लागली. नवरीचं पिंप तसंच राहिलं. ते बाटल्यांत भर म्हणून शेजारच्या अनातोलने किती वेळा सांगितलं. क्लोविसचं उत्तर ठरलेलं. "ती उघडेल. नाहीतर कुणीच नाही."

आता साका वाइनला राखतो हे खरं, पण लाकूड वाइन पितं हेही खरं. पिंप दर आठवड्याला थोडं थोडं भरून गच्च ठेवावं लागतं. वर हवा साठली की वाइनचा सिरका होतो. हे क्लोविसला कळत नव्हतं का? कळत होतं. म्हणून तर त्या भिंतीकडे तो बघायचाही नाही. एकदा अनातोलने विचारलं तेव्हा न बघताच म्हणाला, "गेली."

याच काळात लेओनला शिंपले रांधायचं वेड लागलं. दर शनिवारी शिंपले, आणि दर शनिवारी रांधायला एक अख्खी बाटली. क्लोविस कुरकुरायचा, की अगं, शिंपले शिजवतेस का बुडवून मारतेस? ती म्हणायची, "खाताना बरा गप्प असतोस."

मग क्लोविसच्या खुब्याने दगा दिला. हिवाळ्यात वेली छाटायला वाकणं जमेना. वेली छाटायच्या राहिल्या तर मळ्याचं रान व्हायला वेळ लागत नाही. शेवटी अनातोलला मळा कसायला द्यायचं ठरलं. तिकडे असले व्यवहार नोव्हेंबरात, संत मार्तँच्या सणाला होतात. त्या दिवशी दुपारी अनातोल टोपलीभर कालवं घेऊन आला. कालवं खायची, पेला संपवायचा, हातात हात द्यायचा, की झालं.

टेबल मांडलेलं असतानाच सिदोनी दारात उभी. आईने तिला फोन केला होता हे क्लोविसला लेओनच्या तोंडाकडे बघूनच समजलं.

सिदोनी बसली नाही. म्हणाली, "बाबा, मळा मी करीन."

क्लोविस कालव फोडत होता. मान वर न करता म्हणाला, "एक पिंप तुझ्या नावचं होतं. ते मेलं. मळा कसला सांभाळतेस?"

"तूच कुणाला हात लावू दिला नाहीस."

"तुझी वाट बघत होतो."

"मग तसं कधी बोललास?"

अनातोल आपल्या पेल्यात बघत राहिला. सिदोनीने भिंतीवरची, पिंपातून वाइन ओढायची काचेची नळी काढली आणि ती कोठाराकडे चालू लागली. क्लोविस काठी टेकत मागून निघाला. त्याला ते बघायचं नव्हतं, आणि तिने एकटीने बघावं असंही वाटत नव्हतं. बूच निघालं की सिरक्याचा भपकारा येणार, पोरीचं तोंड उतरणार आणि ती पुन्हा नांतची गाडी धरणार, हे त्याला डोळ्यांपुढे दिसत होतं.

सिदोनीने बूच ठोकून सैल केलं, काढलं. भपकारा आला नाही. तिने वाकून बघितलं, मग भोकात बोट घातलं. ते पेरापर्यंत ओलं झालं. पिंप काठोकाठ भरलेलं होतं.

"बाबा, हे कोण भरतंय?"

क्लोविसने पिंपावर हात फिरवला. बुचाभोवतीचं लाकूड स्वच्छ पुसलेलं होतं. धूळ नाही, बुरशी नाही. त्याने हळूहळू मान वळवली. लेओन दारात उभी होती, पदरात गुंडाळावेत तसे हात ॲप्रनमध्ये गुंडाळून.

"शिंपले," क्लोविस म्हणाला.

"शिंपल्यांना अर्धा पेला पुरतो. बाकीची बाटली इथे," लेओन म्हणाली. "बूच नवरीने काढायचं असतं, ठाऊक आहे. पण नवरी येईस्तोवर तिच्या आईने काढलं तर कोणता संत रागावतो?"

मागोमाग आलेला अनातोल खो खो हसला. म्हणाला, की एवढी वर्षं तू बायकोचे शिंपले खाल्लेस आणि वर तिलाच नावं ठेवलीस.

सिदोनीने नळीने वाइन ओढून पेल्यात सोडली. तिचा रंग आता पिकल्या गवतासारखा झाला होता. तिने वास घेतला, घोट तोंडात घोळवला, बराच वेळ घोळवला. लेओनने हातातलं ॲप्रन घट्ट पिळलं होतं.

"जागी आहे," सिदोनी म्हणाली.

क्लोविसने पेला तिच्या हातातून घेतला. पहिला घोट घेतला, मग दुसरा, जो तो कधी घेत नसे. वाइन भरदार झाली होती, मीठ लागल्यासारखी जिभेला धरून होती, आणि तळाशी काहीतरी अजून उघडायचं राहिलं होतं.

"जागी कुठली," तो म्हणाला. "झोपेत बडबडतेय. अजून एक हिवाळा साक्यावर राहू दे."

"मग दर शनिवारी भरणार कोण?" लेओनने विचारलं.

"ज्याचा मळा तो."

सिदोनीने बूच पिंपावर ठेवून तळहाताने दोनदा ठोकलं आणि कडेला ओघळलेला थेंब बाहीने पुसून घेतला.

अनातोल घसा खाकरून म्हणाला, "म्हणजे माझी कालवं वाया गेली म्हणायची."

"वाया कशी?" क्लोविस म्हणाला. "तू हिला छाटणी दाखवायला यायचंस. माझा खुबा चालत नाही, तोंड चालतं. मी बांधावर उभा राहून चुका काढीन."

"ते तुला जमेल," लेओन म्हणाली, आणि सगळ्यांना टेबलाकडे हाकायला लागली. आज शनिवार नव्हता, तरी चुलीवर शिंपले होते. त्यांत वाइन बेताचीच होती, आणि क्लोविसने ते खाऊन सांगितलं, की आजवर इतके चांगले कधी झाले नव्हते.