आधी पाणी, मग विचारपूस

"लातूरचा तो हॉटेलवाला हावेपायी बुडाला," असे नांदेडात आजही सांगतात. साफ खोटे.

लातूर वेगळा जिल्हा झाला तशी त्याची हॉटेले उदगीर-निलंग्यापर्यंत वाढली, तरी गल्ल्यावरून उठून तो गिऱ्हाइकापुढे स्वतः पाण्याचा पेला ठेवी आणि मगच काय हवे ते विचारी. दुष्काळात निलंग्याचा आचारी माझ्यादेखत त्याच्यावर चिडला, "मालक, लोकं नुसतं पाणी पिऊन जायलेत. सैपाकाला पाणी कुठून आणू?"

"मग चूल इझव. दारात आलेल्याला पाणी न्हाई म्हणायचं न्हाई," पंचा झटकत तो म्हणाला.

एकेक हॉटेल त्याने असे स्वतःच्या हाताने बंद केले. त्याला हावरट म्हणणाऱ्यांनी एवढेच ऐकावे: त्या उन्हाळ्यात निलंग्याच्या हॉटेलला कुलूप होते आणि बाहेरच्या ओट्यावर रांजण भरलेला होता; त्यातले पाणी मी स्वतः प्यालो आहे.