पाद्रीणबाईंच्या ताटातला कंद

आमच्या पाद्रीणबाईंचं नाव इयानेता, पण सावाई बेटाच्या या टोकाला त्यांना नावानं हाक मारणारं कोणी नाही. पाद्री आणि त्यांची बायको म्हणजे गावाची माणसं. राहायचं घर गावानं बांधलेलं आणि जेवणही गावाचंच. रोज संध्याकाळी पाळीनं एकेका घरातून त्यांच्याकडे ताट जातं, आणि तारोचा, म्हणजे अळूचा, कंद नसेल तर ते ताटच नव्हे. पाद्रीणबाईंनी स्वतः चूल पेटवली तर ज्यांची पाळी त्यांना गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही.

त्यांच्या पायाच्या अंगठ्याला शिंपला लागला आणि जखम काही केल्या भरेना, म्हणून त्या बोटीनं राजधानीत, आपियाला गेल्या. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि म्हणाल्या, "साखर फार वाढलीय. गोळ्या देते, पण तारोचे कंद, केळी, भात, पाव सगळं बंद. मासे खा, अंडी खा, तारोची पानं खा नारळाच्या दुधात. कंदाला हात लावायचा नाही."

"अहो, पण आमचं ताट लोकांकडून येतं."

"मग लोकांना सांगा."

इतकं सोपं असतं तर!

घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला, म्हणजे पाद्री एसेकिएलूंना सांगितलं. ते म्हणाले, "गावात बोलू नकोस. तुमचं अन्न खाऊन माझ्या बायकोला रोग झाला, असं कोणत्या तोंडानं सांगू त्यांना?"

त्या संध्याकाळी पाळी होती तोआइपूची. आमच्या महिला मंडळाची ती प्रमुख, अंगानं आणि आवाजानंही भारदस्त. ताट आणणाऱ्यानं त्यांचं जेवण होईपर्यंत समोर बसून पंख्यानं माश्या वारायच्या, ही आमची रीत. तोआइपू वारत होती आणि बघत होती. पाद्रीणबाईंनी मासा खाल्ला, पानं खाल्ली. कंद तसाच राहिला.

"कच्चा राहिलाय का हो?"

"छे, छान आहे. पोट भरलं."

"माशानं पोट भरलं? सकाळी माझ्या नवऱ्यानं खास खणून आणलाय तुमच्यासाठी!"

दुसऱ्या दिवशी नळावर एकच विषय. "शहरात जाऊन आल्या ना, आता आमचा तारो घशाखाली उतरत नाही." पुढच्या घरानं हट्टानं दुप्पट मोठा कंद पाठवला. त्यापुढच्या घरानं त्याहून मोठा.

असे काही दिवस गेल्यावर एका जेवणात एसेकिएलूंनी बायकोच्या ताटातला कंद उचलून आपल्याकडे घेतला. "आण इकडे. आज पाद्रीला राक्षसाची भूक लागलीय." वारणारी बाई खूश होऊन हसली. ताट रिकामं परत गेलं. तेव्हापासून रोज तेच. ते दोघांचे कंद खात, दोघांची केळी खात, रविवारी कोको घातलेला दोघांचा भात खात.

पाद्रीणबाईंची जखम सुकली. अंग हलकं झालं, चालणं सुधारलं. "कोणासाठी एवढ्या बारीक होताय?" असं आम्ही चिडवायचो. त्या हसायच्या, पण हसणं ओठांवरच राहायचं. मी समोरच राहते, त्यामुळे पुढे कधीतरी त्यांनी मला सांगितलं, "जेवायला बसलं की जीव घाबरा व्हायचा गं. आमच्या घराला चारी बाजूंनी भिंत नाही, नुसते खांब. तरी वाटायचं, इथून बाहेर कसं पडायचं?"

नवरा सुजत चाललेला त्यांना दिसत होता. चर्चच्या पायऱ्या चढताना एसेकिएलूंना धाप लागे, प्रवचनात दर थोड्या वेळानं पाणी लागे. वारणारी बाई समोर बसलेली असताना भांडताही येत नसे. ताट गेल्यावर त्या म्हणत, "आता पुरे करा."

"मग उद्या काय सांगू? तूच सांग."

एकदा त्यांनी चिडून स्वतःच अख्खा कंद खाल्ला. दुसऱ्या दिवशी डोकं गरगरत पडून राहिल्या. त्यानंतर एसेकिएलूंनी विषयच बंद केला.

मग एका रविवारी प्रवचन देताना पाद्री मध्येच थांबले. पुस्तकाकडे बघत राहिले, म्हणाले, "अक्षरं कुठं गेली?" आणि तिथंच खाली बसले. ट्रकमधून त्यांना दवाखान्यात नेलं. साखर बायकोच्या कितीतरी पट निघाली.

पाद्रीणबाई एकट्याच परत आल्या, त्या थेट आमच्या मंडळात. आम्ही चटया विणत बसलो होतो. त्या उभ्याच राहिल्या.

"माझ्या वाटणीचे कंद ते खात होते. दीड-दोन वर्षं. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

तोआइपूचे हात थांबले. "म्हणजे आम्ही विष वाढत होतो म्हणा की!"

"विष नाही हो. तुमचा तारो चांगलाच आहे. आमचं अंगच बिघडलंय."

"मग तेव्हाच सांगायला काय झालं होतं? तोंड नव्हतं?"

"तुम्ही समोर बसून माश्या वारत होतात, तोआइपू. किती प्रेमानं बघत होतात! सांगितलं असतं मी?"

तोआइपूनं विणायला घेतलेली पट्टी उसवली, परत घातली, परत उसवली. मग मान खाली घालूनच म्हणाली, "मलाही आहे. घरात कोणाला ठाऊक नाही. गोळ्या पिठाच्या डब्यात लपवते." मग कोपऱ्यातली फुआतिनो म्हणाली, "माझ्याही आहेत." आणखी दोघींनी नुसती मान हलवली.

त्या दिवशी रडणं झालं, बोलणं झालं, पण उपाय निघाला तो अर्धाच. तारोशिवाय ताट घेऊन सगळ्या घरांसमोरून चालत जायला एकही बाई तयार होईना. बघणारे काय म्हणतील, यांच्या शेतात काही पिकत नाही? शेवटी ठरलं की कंद ताटात जाईल, सगळ्यांना दिसेल असा वरच जाईल, आणि तसाच परत येईल. परत येताना वरून केळीचं पान झाकायचं. आता रोज तसंच चालतं. मासे, अंडी, पानं तिथं राहतात आणि कंद झाकून घरी येतो. काही घरची माणसं अजून कुरकुरतात.

एसेकिएलूंचा डावा डोळा गेला. उजव्यानं ते मोठी अक्षरं वाचतात आणि रोज इन्सुलिनची सुई टोचून घेतात.

परवा लांबच्या गावात नव्या चर्चचं जेवण होतं. तिथं यातलं कोणाला काही माहीत नाही. पाद्री म्हणून एसेकिएलूंना पहिला मान, तारोचा सगळ्यात मोठा कंद. यजमानीणबाई आग्रह करत होत्या, "घ्या ना, माझ्या हातचं आहे." एसेकिएलूंनी बायकोकडे पाहिलं. पाद्रीणबाई माशाचे काटे काढत बसल्या होत्या, त्यांनी मान वर केली नाही. मग ते यजमानीणबाईंकडे बघून हसले, "वा, सुरेख!" म्हणाले आणि खायला लागले.