डांबर, मुरूम आणि तीन शहाणे

किस्से गोळा करावे लागत नाहीत राव. कारखान्याच्या मागं भंगार साचतं तसे ते साचतात. मुद्दाम कुणी टाकत नाही, पण एक दिवस बघावं तर हा ढीग! सत्तरच्या दशकात, पिंपरीच्या आमच्या कंपनीत, माझ्या वाट्याला आलेला ढीग सगळा मोटारसायकलच्या टायरांचा होता.

तिघं जण होते. ड्रॉइंग ऑफिसातला वझे, टूलरूममधला कांबळे आणि प्रेस शॉपमधला कुरुळीचा बबन. तिघांकडं फटफट्या. तेव्हा शहराबाहेर चांगलं डांबर म्हणजे नाशिक रस्ता. तो सोडून गावाकडं वळलं की मुरूम आणि मोकळी खडी. मग दोन्हीवर चालेल असा टायर कुठला, यावर चहाच्या सुट्टीत रोज परिषद भरायची. माझ्याकडं गाडी नव्हती. मी तिघांच्याही मागच्या सीटवर बसलोय, त्यामुळं तिघांच्या अकलेबद्दल माझं मत मागूनच बनलंय.

*

वझ्याला परदेशी मासिकं वाचायचा नाद. त्यातले फोटो बघून त्यानं दोन्ही चाकांना बटणाचे टायर चढवले. म्हणजे रबराचे हे एवढाले ठोकळे असलेले, खडीत रुतून पकड घेणारे. राहायला चिंचवडात. घरापासून कंपनीपर्यंत सगळं डांबर! खडीशी त्याचा संबंध एवढाच, की शेजाऱ्याच्या बांधकामाची खडी त्याच्या दारात पडली होती.

डांबरावर ते ठोकळे असे घोंगावायचे, की वझे दिसायच्या आधी ऐकू यायचा. पहिल्याच दिवशी आमच्या वॉचमननं, फौजेतून रिटायर झालेला गडी तो, आवाज ऐकून ट्रकचं मोठं गेट सताड उघडलं. आत शिरला काडीपैलवान वझे!

वॉचमननं त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि हात पुढं केला. "चलान दाखवा. माल कुठाय?"

*

बबनचं उलटं. त्याला वाचनाची अ‍ॅलर्जी. मागच्या टायरवर कुठल्या दिशेनं फिरवायचा त्याचा बाण असतो. बबननं स्वतः टायर बसवला आणि बाण बसवला उलटा. पुढचा आठवडाभर मुरुमावर मागचं चाक त्याला सोडून भलतीकडंच निघायचं.

कांबळे म्हणाला, "बबनराव, बाण उलटा हाय तुमचा."

बबन खाली वाकला, बाण बघितला. चूक कबूल करणं त्याच्या खानदानात नव्हतं.

"उलटा कशानं? गाडी आत्ता कंपनीकडं तोंड करून उभी हाय. बाण कुरुळीकडं हाय. घरी जायचीच घाई आसती मान्साला!"

*

या दोघांना हसणारा कांबळे काय कमी? त्यानं जुन्या टायरवर नव्या नक्षीचा पट्टा चिकटवून आणला. रिमोल्ड म्हणतात त्याला. "वर खडीचा, आत डांबराचा. एका टायरात दोन टायर!" असं तो येईल त्याला ऐकवायचा.

मोशीच्या उतारावर मी त्याच्या मागं बसलेलो. एकाएकी पायापाशी फटाफट फटके बसायला लागले. वळून पाहतोय तो नक्षीचा अख्खा पट्टा सुटून सापासारखा रस्त्यावर वळवळत पडला. कशीबशी गाडी थांबली. माझी पोटरी चाबूक मारल्यासारखी लाल! कांबळे शांतपणे मागं चालत गेला, पट्टा उचलून गळ्यात घातला आणि गुळगुळीत टायरकडं बघत म्हणाला, "बरं झालं. इथून पुढं डांबरच हाय."

*

शेवटी तिघांचं एकमत झालं. महिनोन्‌महिने भांडून! पुढं सरळ रेघांचा टायर, मागं मध्यम ठोकळ्यांचा. जग जिंकल्यासारखे तिघं पुण्यात दुकानात गेले. वझ्यानं शेटजींना मुरूम, पकड, झीज असं सगळं सविस्तर समजावलं. शेटजींनी शांतपणे ऐकून घेतलं. टायरची टंचाई होती तेव्हा. त्यांनी माळ्यावरून एक टायर खाली टाकला. धूळ उडाली.

"हा आहे."

"आणि दुसऱ्या प्रकारचा?"

"दुसरा प्रकार म्हणजे नका घेऊ!"

*

आता हा कुरुळीचा.

रविवार होता. बबनकडं आम्ही मटण खायला गेलेलो. दुपारी त्याच्या बायकोला कळा सुरू झाल्या, दिवस भरायच्या आधीच. पहिलं मूल गेलं होतं, त्यामुळं बबनची आई धास्तावली. "आरं, चाकनच्या नर्सबाईला आना कुनीतरी! फटफट्या हायेत न्हवं तीन-तीन?"

तिघंही ताडकन उठले. आदल्या रात्री पाऊस झालेला, मुरूम भिजलेला. वझे म्हणाला, "थांबा! या रस्त्याला हवा कमी पाहिजे." लगेच चाकांतली हवा सोडली. कांबळे म्हणाला, "एवढी कमी? पुढं खडी हाय, रिम चेपंल." मग परत पंप. पंप मारायला मी, आणि बबनचं सारखं चालू, "झाली का हवा?" बबन म्हणाला, "मागं कमी, फुडं जास्त." वझे म्हणाला, "उलट!" आतून ओरडणं ऐकू येत होतं आणि बाहेर तीन शहाणे चाकाभोवती उकिडवे बसून अंगठ्यानं टायर दाबून बघत होते.

म्हातारीनं एकदा बाहेर डोकावून बघितलं. लेकीला, हौसाला, हाक मारली. हौसानं पदर खोचला आणि वावरातून हमरस्त्याकडं पळत सुटली. तिथं रस्त्यात आडवी उभी राहून तिनं चाकणकडं जाणारा ट्रक थांबवला. येताना नर्सबाईला दुसऱ्या ट्रकमधून फाट्यापर्यंत आणलं आणि तिथून दोघी चिखल तुडवत आल्या.

नर्सबाईंच्या एका हातात पेटी, दुसऱ्या हातात चपला. अंगणातून जाताना वझे त्यांना म्हणाला, "बाई, जपून हं. ओल्या मुरुमावर पकड राहत नाही."

बाईंनी त्याच्याकडं नुसतं बघितलं. तसं माझ्याकडं कुणी बघितलं असतं तर मी त्याच पावली पिंपरीला चालत गेलो असतो. वझे मात्र कांबळेला रिमचं समजावायला लागला.

दार बंद झालं. आतलं ओरडणं वाढलं, मग एकदम थांबलं. माझा पंपावरचा हात थांबला. आणि बाळाचं रडणं ऐकू आलं. खणखणीत!

म्हातारी धावत उंबऱ्यावर आली. डोळ्यांतून पाणी, तोंडभर हसू.

"बबन! आरं, झाली रं झाली! ब्येस हाय!"

बबननं चाकावरचा अंगठा काढला नाही, की मान वर केली नाही.

"कंची? मागची का फुडची?"