भरती येईपर्यंत
खाडीवरून वारा सुटला की ओल्या चिखलाचा खारट वास ठाकुर्लीच्या आमच्या खिडकीत येतो आणि मला बेटावरची ती दुपार आठवते. तेव्हा आमचं घर खाडीतल्या बेटावर होतं. बेट सोडून डोंबिवलीत फ्लॅट घेऊ, या भावाच्या हट्टावरून त्याचं आणि बाबांचं चांगलंच वाजलं. "पुन्हा या घरात पाय ठेवणार नाही," म्हणत भाऊ बॅग घेऊन धक्क्याकडे निघाला. बाबा ओट्यावर मुठी आवळून बसले. मी भावामागे धावणार, तर आईने हात धरला. "जाव दे. पानी कुठं हाय?" ओहोटी लागलेली. होडी चिखलात रुतलेली आणि भाऊ तिच्यात आमच्याकडे पाठ करून बसलेला. दुपारभर तो तिथून उठला नाही. आईने चूल दारात आणून सुकट भाजली, वास धक्क्यापर्यंत जाईल अशी. मग भरती आली, होडी हलली. भाऊ उठला, बॅग उचलली आणि घरात येऊन निमूट ताटावर बसला. परवा माझा मुलगा असाच रागाने घराबाहेर पडला. मी चपला न घालता खाली धावले, तोवर त्याची रिक्षा वळणाआड गेलेली.