डॉक्टरांच्या कागदावरचा नवस

मागच्या आठवड्यात पोस्टमन जळगाव जामोदच्या आमच्या घरी विमा कंपनीचं पत्र देऊन गेला. माझं शिक्षण दहावीपर्यंत... तीनदा वाचलं तेव्हा कळलं, ईश्वरीच्या थेरपीचा क्लेम नामंजूर झालाय.

ईश्वरी माझी मुलगी, चार वर्षांची. तिला ऑटिझम आहे. बोलत नाही, हाक मारली तर बघत नाही... सहा महिने अकोल्याला थेरपी चालली, तेव्हा आता कुठे तहान लागली की माझा हात धरून माठाकडे नेते.

पॉलिसी दोन वर्षांपूर्वीची. त्या साली बीटी कपाशीवर बोंडअळी पडली, पहिल्या वेचणीचा कापूस तेवढा हाती लागला. शेतीचं काही खरं नाही, निदान पोरीचं औषधपाणी अडू नये म्हणून ह्यांनी विमा काढला. भरती न होता घेतलेले उपचारही यात बसतात, असं एजंट किशोरभाऊंनी सांगितलं होतं.

मग नामंजूर का? तर आजार पॉलिसीच्या आधीपासूनचा होता, आणि तो आम्ही लपवला...

मी काय लपवणार? फॉर्म भरताना किशोरभाऊंनी विचारलं, पोरीला काही आजार? मी नाही म्हटलं. न बोलणं हा आजार असतो हे कुठे माहीत होतं... सासूबाई तर म्हणाल्या, "इचा बापबी चार वर्साचा झाल्यावरच बोलला."

पत्रासोबत अकोल्याच्या डॉक्टर मॅडमच्या रिपोर्टची झेरॉक्स होती, एका ओळीखाली रेघ मारलेली. ती ओळ माझ्याच तोंडची होती.

पहिल्या भेटीत मॅडमनी विचारलं होतं, तुमच्या कधी लक्षात आलं? मी भाबडेपणानं सगळं सांगितलं... पोर दोन वर्षांची व्हायची होती, नवरात्रात अष्टमीला देवीला नवस बोलले, हिला वाचा दे, हिच्या भारंभार गूळ वाटीन. मॅडमनी तसंच लिहून घेतलं. पॉलिसी त्याच वर्षीची, दिवाळीनंतरची.

किशोरभाऊ घरी आले, कागद पाहून डोक्याला हात लावला. "वहिनी, देवीले सांगतलं ते डॉक्टरले काऊन सांगतलं?" मग हळूच म्हणाले, मॅडमकडून कागद बदलून आणा, नवस मागच्या वर्षीचा म्हणा.

आणि मी गेले... देवीच्या नवसाबद्दल खोटं बोलायला. अकोला येईपर्यंत बसमध्ये तिचीच माफी मागत होते.

मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. "ताई, लिहिलेलं मला बदलता येणार नाही. आणि तुमच्या इतक्या लवकर लक्षात आलं, म्हणून तर ती एवढी सुधारली."

मी मान खाली घालून उठले. कंपनीकडे तक्रार करता येते म्हणतात, अर्ज धाडलाय... पण उत्तर येईपर्यंत थेरपी बंद. आमच्याच्यानं होत नाही.

तुमच्यापैकी कुणी मुलांचा विमा काढत असेल, तर मनात आलेली साधी शंकासुद्धा फॉर्मवर लिहून द्या. कागदावर आधी तुम्ही लिहा, नाहीतर नंतर दुसरं कुणी तेच तुमच्यापुढे काढून दाखवतं.

काल थेरपीचा वार होता. ईश्वरी सकाळीच चपला घालून दारात उभी राहिली... आत ये म्हटलं तर येईना. बस निघून गेली, दुपार झाली, तरी तिथंच.

लेकराचं दुखणं आईला सगळ्यांच्या आधी कळतं म्हणतात. मला कळलं... आणि तेच तिच्या आड आलं.